गाडी तापते? थर्मोस्टॅट बदलायच्या आधी हे क्रमाने तपासा

गाडी तापली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात, एकतर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून, ते गार ठेवणाऱ्या कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व) बदलतात नाहीतर सरळ काढून टाकतात, आणि मूळ दोष काय होता ते बघायचं राहूनच जातं. माझ्या मावसभावाच्या गाडीला चार महिन्यांत दोन थर्मोस्टॅट बसले, कूलंट तीनदा बदललं, तरी सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये लाल दिवा लागायचाच. शेवटी निघाला काय, तर रेडिएटर फॅनचा रिले, म्हणजे फॅनला करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. काढून टाकलेला जुना थर्मोस्टॅट पाण्यात उकळून बघितला तर एकदम व्यवस्थित उघडत होता. पैसे गेले ते गेलेच, पण त्या चार महिन्यांत इंजिन किती वेळा भाजलं त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. सोप्या आणि फुकटच्या तपासण्या आधी, पाना लावायचं काम शेवटी.

तयारी: गाडी पूर्ण गार, हातात चार वस्तू

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. ऑफिसवरून आल्यावर "अर्धा तास झाला, गार झाली असेल" म्हणून बोनेट उघडून झाकण फिरवणारे लोक हात-तोंड भाजून घेतात. सिस्टिममध्ये प्रेशर असतं, झाकण उघडताच ते सुटतं आणि आतलं शंभरच्या वर तापलेलं कूलंट जागच्या जागी उकळून कारंज्यासारखं बाहेर येतं. निदान दोन-तीन तास थांबा, वरचा जाड पाइप दाबून बघा, मऊ आणि गार लागला तरच झाकणाला हात लावा, तेही जाड फडकं ठेवून.

लागणाऱ्या वस्तू: ओबीडीला (गाडीतलं स्कॅनर जोडायचं सॉकेट) लावायचं ब्लूटूथचं साधं डोंगल आणि मोबाइलवर त्याचं अ‍ॅप, लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन (मिळाली तर), टॉर्च आणि हातमोजे. डोंगल मात्र हवंच, कूलंटच्या तापमानाचा आकडा तेच मोबाइलवर दाखवतं. कारण डॅशबोर्डवरचा काटा खरं सांगत नाही, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा ठेवलेला असतो की साधारण ७५ पासून १०५ डिग्रीपर्यंत मधोमधच उभा राहतो, आणि कित्येक छोट्या गाड्यांना तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

पायरी १: कूलंटची पातळी, पण नीट बघा

इथेच पहिली मोठी चूक होते. आपल्याकडे दोन प्रकारच्या सिस्टिम आहेत. एकात रेडिएटरलाच प्रेशरचं झाकण असतं आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली असते. दुसऱ्यात रेडिएटरला झाकणच नसतं, प्रेशरचं झाकण त्या जाड प्लास्टिकच्या टाकीवर असतं आणि टाकी स्वतः प्रेशरखाली असते.

पहिल्या प्रकारात बाटली अगदी फुल दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो. इंजिन तापतं तेव्हा जास्तीचं कूलंट बाटलीत जातं आणि गार होताना रेडिएटर ते परत ओढून घेतो, पण झाकणातला छोटा व्हॉल्व अडकला किंवा बारीक नळीला चीर गेली की ओढणं बंद होतं. लोक बाटली बघतात, "कूलंट तर फुल आहे" म्हणतात आणि थर्मोस्टॅटवर घसरतात. गार गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ कूलंट आहे का ते बघा.

कमी असेल तर भरा, पण तारीख लिहून ठेवा आणि बाटलीवर मार्करने खूण करा. बंद सिस्टिममधून कूलंट आपोआप संपत नाही, महिन्याभरात खूण खाली गेली तर गळती आहेच.

> सावधान: आयत्या वेळी नळाचं पाणी घालून गाडी घरी आणली तर चालेल, पण ते तसंच ठेवू नका. पुण्याच्या आसपास बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं, जड पाणी. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिक्स केलेलं आणा. रंग एकच आहे म्हणून दोन वेगळी कूलंट मिसळू नका, रंगावरून आतलं केमिकल कळत नाही.

पायरी २: कधी तापते ते कागदावर लिहा

निम्मं निदान इथेच होतं. गाडी नेमकी कधी तापते?

ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागल्यावर खाली येते, हिंजवडीच्या रांगेत ११० आणि बायपासवर ९०, तर संशय फॅनवर, कारण धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅन असतो. उलट गावात ठीक पण खंबाटकी किंवा दिवे घाट चढताना तापत असेल तर रेडिएटर आतून बुजलाय, कूलंट फिरवणारा पंप कमी ढकलतोय किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय. फक्त एसी लावल्यावर तापते, तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, पालापाचोळा साचलेला असतो. गार गाडी चालू करून पाच-दहा मिनिटांत थेट लाल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकलीय किंवा कूलंटच नाही. आकडा वर-खाली नाचतो आणि डॅशबोर्डमागे खळखळ पाण्याचा आवाज येतो, तर हवा नाहीतर कमी पातळी.

आणि एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे गाडी गारच राहते. अर्धा तास चालवून आकडा ६५–७०, एक्सप्रेसवेवर खोपोलीकडे उतरताना आणखी खाली, अ‍ॅव्हरेज पडलेलं, आणि स्कॅनरवर पी०१२८ कोड. हा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा नमुना आहे. गाडी तापत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन गारच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो.

> रस्त्यातच तापली तर: एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, आणि बाजूला घ्या. वाफ येत नसेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू द्या, म्हणजे कूलंट फिरत राहील. वाफ येतेय, कूलंट खाली सांडतंय किंवा आकडा तरीही चढतोय, तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. आणि लक्षात ठेवा, कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो, तेव्हा "झाली गार" समजून पुढे निघू नका.

पायरी ३: गार इंजिनपासून आकडे बघा

सकाळी इंजिन चालू करायच्या आधी फक्त इग्निशन ऑन करा, डोंगल लावा आणि दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, तीन-चार डिग्रीचा फरक चालतो. डिसेंबरच्या सकाळी हवा १४ आणि कूलंट ४० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय, ते आधी नीट करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी.

आता इंजिन चालू करा, एसी बंद. आकडा हळूहळू पण न थांबता चढला पाहिजे. ८०–९० च्या दरम्यान एक छोटी अडखळ दिसते, आकडा दोन-चार डिग्री खाली येतो आणि परत चढतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि रेडिएटरमधलं गार कूलंट आत आलं. ही अडखळ दिसली तर तुमचा थर्मोस्टॅट निदान उघडतोय. पुढे आकडा ९५–१०० च्या आसपास गेला की फॅन लागायला हवा आणि आकडा परत खाली यायला हवा. बहुतेक गाड्यांत हे असंच असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

१०५ च्या वर गेला आणि फॅन लागला नाही, तर तपासणी तिथेच थांबवून इंजिन बंद करा. बघू अजून कुठपर्यंत जातो, असं करू नका.

पायरी ४: पाइपांची तपासणी, आणि त्यातली नेहमीची गफलत

"वरचा पाइप गरम, खालचा गार, म्हणजे थर्मोस्टॅट गेला", हे वाक्य तुम्ही गॅरेजमध्ये ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे, कारण थर्मोस्टॅट सगळ्या गाड्यांत एकाच जागी नसतो.

आधी त्याची जागा शोधा. जाड पाइप इंजिनला जिथे मिळतो तिथे दोन-तीन बोल्टांनी बसवलेलं छोटं घर असतं. ते वरच्या पाइपाच्या टोकाला असेल तर थर्मोस्टॅट इंजिनमधून बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. अशा गाडीत तो उघडेपर्यंत वरचा पाइप गार-कोमट राहतो आणि उघडल्यावर एकदम तापतो. आकडा १०० च्या पुढे आणि वरचा पाइप अजून गारच, तर बंद अडकलाय. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच इंजिनबरोबर पाइपही तापायला लागला तर उघडा अडकलाय.

पण घर खालच्या पाइपाच्या टोकाला असेल तर थर्मोस्टॅट आत येणाऱ्या वाटेवर आहे. आता वरचा पाइप आधीपासून हळूहळू तापणारच, खालचा गारच राहणार, आणि ते बरोबर आहे. या गाड्यांतच लोक चांगला थर्मोस्टॅट काढतात. इथे खालचा पाइप आकडा ९० च्या वर बराच वेळ राहूनही गार असेल तरच संशय घ्या, आणि तेव्हाही तीन गुन्हेगार असतात: थर्मोस्टॅट, बुजलेला रेडिएटर आणि पंप.

तिघांना वेगळं करायला हीटर लावा. इंजिन तापलंय, पातळी फुल आहे आणि तरी हीटरमधून गार वारा येतोय, तर कूलंट फिरतच नाहीये, म्हणजे पंप किंवा अडकलेली हवा. हीटर कडक गरम, तर पंप बहुतेक ठीक. मग गनने रेडिएटरचा पृष्ठभाग चारी कोपऱ्यांत मोजा. एका बाजूकडून दुसरीकडे तापमान हळूहळू उतरणं बरोबर आहे, पण मध्येच गार चट्टे असतील तर त्या नळ्या आतून बुजल्यात. चकचकीत धातूवर गन चुकीचं वाचते, म्हणून धातूवर मोजताना काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

> सावधान: पाइप हाताने चाचपताना फॅन आणि बेल्टपासून लांब राहा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक लागतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन, काही नको.

पायरी ५: फॅन

एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. एसीवर फिरतो पण कूलंट तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सर, रिले किंवा दुसऱ्या स्पीडच्या सर्किटमध्ये. कधीच फिरत नाही, तर आधी फ्यूज बघा, मग फ्यूज बॉक्समधला रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी, समजा हॉर्नच्या, बदलून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मावसभावाच्या गाडीत हेच दोन मिनिटं कोणी दिली नव्हती. दोन फॅन असतील तर दोन्ही फिरतात का, दोन स्पीड असतील तर जोरात फिरतो का, तेही बघा. हळू फिरणारा फॅन मे महिन्याच्या दुपारी पुरत नाही.

पायरी ६: झाकण आणि गळती

झाकणाची किंमत थर्मोस्टॅटपेक्षा कमी आणि ते कोणी तपासत नाही. प्रेशर टिकलं तरच कूलंट सव्वाशे डिग्रीच्या आसपासपर्यंत उकळत नाही, झाकणाचं रबर कडक झालं की तेच कूलंट बरंच आधी उकळतं आणि बाटलीतून बाहेर येतं. रबर तडकलंय का, स्प्रिंग सैल आहे का बघा, शंका आली तर त्याच प्रेशरचं नवीन घ्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, ते बारमधलं प्रेशर. काही झाकणांवर ८८ छापलेलं असतं, ती डिग्री नाही, तेही प्रेशरच आहे, किलोपास्कलमध्ये, थर्मोस्टॅटच्या ८८ शी त्याचा काही संबंध नाही.

गळतीसाठी गॅरेजमधून हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून घ्या, गार इंजिनवर झाकणाच्या आकड्याइतकं प्रेशर देऊन पंधरा मिनिटं थांबा, काटा हलायला नको. पाइपांची टोकं, रेडिएटरचे प्लास्टिकचे सांधे आणि पंपाच्या खालचं बारीक भोक नीट बघा, त्या भोकातून रंगीत डाग ओघळले असतील तर पंपाचं सील गेलंय. पायाजवळची मॅट ओली आणि गोडसर वास, तर हीटरची जाळी गळतेय.

गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद किंवा पावडर टाकू नका. चीर बुजते तशा बारीक नळ्याही बुजतात, मग एका पाइपाच्या खर्चाऐवजी रेडिएटर आणि हीटर दोन्हींचा खर्च येतो.

पायरी ७: हेड गॅसकेट नाही ना?

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. थर्मोस्टॅट काढायच्या आधी ते ठीक असल्याची खात्री कराच. गार इंजिन चालू केल्यावर एका मिनिटातच वरचा पाइप दगडासारखा कडक होतोय, झाकण काढून चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, बाहेर गळती नसून कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येतोय, यातलं काही दिसलं तर गॅरेजमध्ये निळ्या लिक्विडची गॅस टेस्ट करून घ्या, सिलेंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं पाणी पिवळं होतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवली की दमटपणामुळे ती होते. डिपस्टिकवरचं ऑइलही दूध घातलेल्या चहासारखं असेल तर मात्र गाडी चालवू नका.

पायरी ८: आता थर्मोस्टॅट काढा आणि उकळून बघा

इथपर्यंत संशय त्याच्यावरच उरला असेल तर काढा. कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या आणि मोजा, किती लिटर निघालं ते पुढे लागणार आहे. जमिनीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, चवीला गोड लागतं म्हणून पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या डिग्रीला तो उघडायला *सुरुवात* करतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा डिग्री लागतात. जुन्या पातेल्यात, जे परत स्वयंपाकाला वापरणार नाही अशा, पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन डिग्री इकडेतिकडे फट दिसायला लागली पाहिजे, पुढे साधारण आठ मिलिमीटर उघडला पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. गार असताना उजेडासमोर धरला आणि कडेने फट दिसली, तर उघडा अडकलाय.

पुण्यातली खास गोष्ट: आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहोत, इथे पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. म्हणजे ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसेलच असं नाही, आणि ते नापास नव्हे. त्याहून मोठा घोळ ज्याला वायरचा कनेक्टर असतो त्या थर्मोस्टॅटचा, यातले बरेच करंट नसताना १०० च्या वरच उघडतात. असा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात हललाच नाही म्हणून फेकून देऊ नका, त्याची तपासणी स्कॅनरवरच होते.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, काढून टाका" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. इंजिन गार चालतं, जास्त पेट्रोल खातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, निम्मं कूलंट रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

पायरी ९: नवीन बसवताना

नाना पेठेतून पार्ट घेताना जुना बरोबर न्या आणि कोरलेला आकडा तोच घ्या. "गाडी तापते म्हणून ७६ चा टाका" हा सल्ला चुकीचा आहे, कमी आकड्याचा थर्मोस्टॅट फक्त लवकर उघडतो, रेडिएटरची ताकद वाढवत नाही.

घराच्या दोन्ही बाजू प्लास्टिकने खरवडून साफ करा, लोखंडी पात्याने नको, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला की गळती. स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि कडेला छोटं हलणारं भोक असेल तर ते वर, म्हणजे हवा तिथून निघते. नवीन रबर रिंग वापरा, रबर रिंगवर सिलिकॉन लावू नका. सहा एमएमचे बोल्ट असतात, साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, जोर लावला तर आटे जातात.

पायरी १०: हवा काढणं

नवीन थर्मोस्टॅट टाकूनही गाडी तापते, याचं सगळ्यात मोठं कारण हेच. गाडीचं तोंड चढावर ठेवा, सोसायटीचा रॅम्प चालेल. हीटर फुल गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. कूलंट बारीक धारेने भरा, पाइप हाताने दाबत राहा, स्क्रूमधून बुडबुड्याशिवाय कूलंट आलं की तो बंद करा. झाकण काढून आयडलवर चालू करा, पातळी उतरेल तसं भरत राहा, आणि वर चढून बाहेर येण्याच्या आत झाकण लावा. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा.

> चेक: जेवढं काढलं तेवढं परत गेलं का? चार लिटर निघालं आणि तीनच गेलं असेल तर एक लिटर हवा आत आहे. हीटर गार असेल तरी तेच.

पायरी ११: ट्रायल

डोंगल लावून आधी पंधरा मिनिटं घराजवळच फिरा. ठीक वाटलं तर चांदणी चौकातून पौडपर्यंत जाऊन या, मग मुद्दाम ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभे राहा, आणि शेवटी जुना कात्रज घाट चढून बघा. पूर्ण तापल्यावर आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्यापासून फॅनच्या आकड्यापर्यंतच फिरायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत झाकण उघडून पातळी बघा, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते कारण राहिलेली हवा रात्रीत निघते, तेवढं भरा. आठवडाभर रोज सकाळी बाटलीवरची खूण बघत राहा, आणि ती खाली जात राहिली तर परत पायरी ६ वर या.